छातीत दुखले तर रक्त दोनदा का घेतात?

(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



एक गोष्ट खेडोपाडी पुष्कळदा घडते. एखाद्याच्या छातीत कळ येते. घरची माणसे त्याला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेतात. तिथे कॅज्युअल्टी म्हणून एक विभाग असतो. तातडीचा रोगी आधी तिथे नेतात. डॉक्टर त्याला तपासतात. रक्त काढून घेतात. तासाभराने रक्ताचा कागद येतो. कागद चांगला असतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ते म्हणतात, "चला, आता घरी." पण डॉक्टर सोडत नाहीत. ते म्हणतात, "थांबा. अजून एकदा रक्त घ्यायचे आहे."

मग बाहेरच्या बाकावर कुजबुज सुरू होते. "कागद चांगला आला ना? मग पुन्हा सुई कशाला? पैसे काढायचा धंदा दिसतो हा!" घरी जनावरे दावणीला असतात. दूध काढायचे असते. शेवटची एस. टी. जायची वेळ झालेली असते. मग कोणीतरी म्हणते, "आमच्या जबाबदारीवर नेतो." सही करतात किंवा अंगठा देतात, आणि रोग्याला घेऊन जातात.

मंडळी, ही सही किंवा हा अंगठा कधी कधी फार महाग पडतो. म्हणून आज मी एवढ्याच गोष्टीवर बोलणार आहे. छातीत दुखले तर रक्त कशासाठी घेतात? आणि दोनदा का घेतात? शंका घेणे वाईट नाही. पण शंकेचे उत्तरही आपण समजून घ्यावे.

हृदयालाही रक्त लागते

आपले हृदय सुमारे मुठीएवढे असते. ते मांसाचे, म्हणजे स्नायूचे बनलेले आहे. दिवसरात्र ते आकुंचन पावते आणि पसरते. मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा. त्याला सुट्टी नाही, सणवार नाही. सगळ्या अंगाला ते रक्त पुरवते.

पण हृदयालाही स्वतःसाठी रक्त लागते बरं का! त्यासाठी हृदयाच्या अंगावरून वेगळ्या रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. मळ्यात पाट असतात ना, तसे हे हृदयाचे पाट समजा. वय वाढते तसा या वाहिन्यांत आतून चरबीचा थर बसतो. तंबाखू, विडी, मधुमेह, वाढलेला रक्तदाब यांनी तो लवकर बसतो. एखाद्या दिवशी या थराला तडा जातो. तिथे रक्ताची गुठळी होते. पाटात मोठे ढेकूळ अडकावे तशी ती अडकते. पुढच्या वाफ्याला पाणी मिळत नाही.

वाफा कोरडा पडला तर उद्या पाणी देऊन पीक सावरता येते. हृदयाचे तसे नाही. रक्त बंद पडले की थोड्याच वेळात तिथला स्नायू मरू लागतो. मेलेला भाग पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. यालाच आपण हृदयविकाराचा झटका किंवा हार्ट अटॅक म्हणतो. इथे एक एक मिनिट मोलाचे असते.

प्रत्येक कळ झटका नसते

आता दुसरी बाजू ऐका. छातीत दुखले म्हणजे झटकाच आला असे नाही. पित्ताने छातीत जळजळते. ओझे उचलताना बरगडीचा स्नायू लचकतो. फुप्फुसाला सूज येते. भीतीने, काळजीने छाती धडधडते. छातीत दुखते म्हणून कॅज्युअल्टीत जितकी माणसे येतात, त्यांतल्या बहुतेकांना हृदयविकाराचा झटका आलेला नसतो.

पण हे घरी बसून कळत नाही. इथेच आपली फसगत होते. माणूस म्हणतो, "गॅस झाला असेल." बायको ओवा देते. शेजारी सोडा पाजतो. ढेकर येते. थोडे बरे वाटते. रात्र तशीच काढतात. ढेकर आली म्हणून हृदय ठीक आहे, असे मात्र समजू नका. झटक्याची कळही काही वेळा पोटाच्या वरच्या भागात येते आणि अगदी पित्तासारखी वाटते.

झटक्याची खूण काय? छातीच्या मधोमध दाबल्यासारखे, आवळल्यासारखे, कोणी दगड ठेवल्यासारखे वाटते. कळ डाव्या हातात जाते, कधी दोन्ही हातांत जाते. जबड्यात, मानेत, पाठीत जाते. दरदरून घाम सुटतो. दम लागतो. मळमळते. मधुमेही माणसाला आणि म्हाताऱ्या माणसाला कधी कधी कळ येतच नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, गळून गेल्यासारखे होते.

मग झटका आहे की नाही, हे डॉक्टर तरी कसे ठरवतात?

चुलीचे तीन धोंडे

तीन धोंड्यांची चूल आपण सगळ्यांनी पाहिली आहे. एक धोंडा नसेल तर भांडे कलंडते. डॉक्टरांचा निर्णयही असाच तीन धोंड्यांवर बसतो.

पहिला धोंडा म्हणजे रोग्याची हकीकत. कळ कधी सुरू झाली? कुठे आली? कशी आली? विडी-तंबाखू आहे का? साखर आहे का? घरात कोणाला असे झाले होते का?

दुसरा धोंडा म्हणजे ईसीजी. छातीवर आणि हातापायांना तारा लावतात. कागदाच्या पट्टीवर हृदयाचा आलेख निघतो. यात दुखत नाही, शॉक बसत नाही. रोगी दवाखान्यात आल्यापासून १० मिनिटांच्या आत हा आलेख काढावा, असा हृदयतज्ज्ञांचा नियम आहे.

तिसरा धोंडा म्हणजे रक्ताची तपासणी.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ईसीजीवर मोठी वाहिनी पुरती बंद झाल्याची स्पष्ट खूण दिसली, तर डॉक्टर रक्ताच्या कागदाची वाट पाहत बसत नाहीत. लगेच उपचार सुरू करतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात, किंवा अँजिओप्लास्टी करून वाहिनी मोकळी करतात. हे जितके लवकर होईल तितका हृदयाचा जास्त भाग वाचतो. इंजेक्शनचा उपयोग कळ सुरू झाल्यापासून साधारण १२ तासांपर्यंतच असतो. त्यातही पहिल्या दोन-तीन तासांत तो सर्वांत जास्त होतो.

पण झटका आलेल्या प्रत्येकाचा ईसीजी बिघडलेला दिसतोच असे नाही. कित्येकांचा आलेख जवळजवळ चांगला निघतो आणि तरीही आत हृदयाचा एखादा भाग मरत असतो. अशा वेळी रक्ताची तपासणी कामाला येते.

रक्तात काय शोधतात?

हृदयाच्या स्नायूत ट्रोपोनिन नावाचे एक प्रथिन असते. नाव अवघड आहे. दोन-तीनदा म्हणा म्हणजे तोंडात बसेल. ट्रो-पो-निन. स्नायूला आकुंचन पावायला आणि सैल व्हायला हे प्रथिन मदत करते. त्याची जागा स्नायूच्या आत आहे. रक्तात ते असले तर अगदी थोडे असते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते बाहेर पडते आणि रक्तात मिसळते.

घरातले धान्याचे पोते डोळ्यांपुढे आणा. पोते चांगले असले तरी खाली चार-दोन दाणे पडलेले असतातच. त्याची कोणी काळजी करत नाही. पण उंदराने पोते कुरतडले तर काय होते? दाणे सांडू लागतात. भोक आताच पडले असेल तर खाली बघून काही कळणार नाही. तेच चार-दोन दाणे दिसतील. तासा-दोन तासांनी पुन्हा जाऊन बघा. तिथे दाण्यांचा ढीग झालेला असेल. मग तुम्ही न सांगता ओळखाल की पोते फुटले आहे.

रक्तातले ट्रोपोनिन म्हणजे हे सांडलेले दाणे. पहिल्या वेळी रक्त घेतात तेव्हा दाणे किती आहेत ते कळते. दुसऱ्या वेळी घेतात तेव्हा दाणे वाढत आहेत की नाहीत ते कळते. झटका ओळखायला ही वाढ फार महत्त्वाची आहे. म्हणून रक्त दोनदा घेतात.

झटका आल्यावर ट्रोपोनिन रक्तात मोजण्याइतके यायला काही तास लागतात. पुढे ते वाढत जाते आणि कित्येक दिवस रक्तात राहते. म्हणून चार दिवसांपूर्वी कळ येऊन गेली असली तरी तपासणीचा उपयोग होतो. पण अर्ध्या तासापूर्वी कळ आली असेल, तर एकटा पहिला कागद पुरेसा नसतो.

ही तपासणी कशी निघाली?

ही विद्या एका दिवसात आलेली नाही. १९५४ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन या तिघांनी दाखवून दिले की, झटक्यानंतर रक्तातले एक द्रव्य वाढते. आज काविळीच्या कागदावर एसजीओटी असे लिहिलेले असते, तेच हे द्रव्य. पण ते यकृतातही असते. मग वाढले तर दोष हृदयाचा की यकृताचा? घोटाळा व्हायचा. पुढे सीपीके नावाची तपासणी आली. पण ते द्रव्य हातापायांच्या स्नायूंतही असते. फार जड काम केले किंवा मुका मार लागला तरी ते वाढते.

१९६० नंतरच्या काही वर्षांत जपानमधील सेत्सुरो एबाशी या शास्त्रज्ञाने स्नायूंतले ट्रोपोनिन शोधून काढले. हृदयातले ट्रोपोनिन हे हातापायांतल्या ट्रोपोनिनपेक्षा थोडे वेगळे असते, हे पुढे कळले. म्हणजे दाणा पाहून पोते ओळखता येऊ लागले. १९८९ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील डॉक्टर ह्यूगो काटुस आणि त्यांच्या सोबत्यांनी हृदयातले ट्रोपोनिन रक्तात मोजण्याची एक रीत जाहीर केली. २००० साली युरोप आणि अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी झटका ठरवण्याच्या नियमांत ट्रोपोनिनला पहिले स्थान दिले.

सुरुवातीच्या तपासणीला पुष्कळ दाणे सांडल्याशिवाय काही दिसत नसे. दुसऱ्यांदा रक्त घ्यायला सहा-सहा तास, कधी त्याहून जास्त थांबावे लागे. २०१० च्या सुमारास युरोपात फार बारीक मोजणी करणारी तपासणी वापरात आली. ती नॅनोग्रॅममध्ये मोजते. एका ग्रॅमचे १०० कोटी भाग करा. त्यांतला एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. लिटरभर रक्तद्रवात असे चार-पाच भाग असले तरी ही तपासणी ते दाखवते. त्यामुळे आता दुसऱ्यांदा रक्त घ्यायला अशा ठिकाणी एक, दोन किंवा तीन तास थांबले तरी पुरते.

लहान दवाखान्यांत मात्र पट्टीवरची तपासणी असते. मलेरियाची पट्टी असते ना, तशीच ही. रक्ताचा थेंब टाकतात. काही मिनिटांनी एक रेघ दिसते किंवा दोन रेघा दिसतात. दोन रेघा म्हणजे ट्रोपोनिन सापडले. पण एकच रेघ दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. ही पट्टी थोडे दाणे ओळखत नाही. कळ नुकतीच सुरू झाली असेल तर ती हमखास फसवू शकते.

पहिला कागद चांगला, पुढे काय?

आता एक उदाहरण घेऊ. ते समजुतीसाठी रचलेले आहे.

एक पन्नाशीचा शेतकरी. पहाटे ५ वाजता गोठ्यात असताना छातीत आवळल्यासारखे झाले. घाम आला. मुलाने त्याला ६ वाजता जिल्ह्याच्या दवाखान्यात आणले. ईसीजी काढला. त्यात स्पष्ट काही दिसले नाही. सव्वासहाला रक्त घेतले. ट्रोपोनिनचा आकडा ९ आला. तिथल्या यंत्राची पुरुषांची मर्यादा ३४ होती. म्हणजे कागद चांगला.

मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, रिपोर्ट तर चांगला आला. आबांना आता बरं वाटतंय. घरी म्हशी दावणीला आहेत. आम्ही जातो."

डॉक्टर म्हणाले, "हे बघा, कळ पाचला आली आणि रक्त आपण सव्वासहाला घेतलं. सव्वा तासात रक्तात काय दिसणार? सव्वाआठला पुन्हा घेऊ. तोवर आबांना इथेच निजू द्या. म्हशींचं शेजाऱ्यांना सांगा."

मुलाने फोन लावला. शेजारी म्हशींकडे गेले. सव्वाआठला पुन्हा रक्त घेतले. या वेळी आकडा ६४ आला. नऊचे चौसष्ट झाले. पोते फुटले होते. आबांना आत घेतले, औषधे सुरू झाली, आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवायची तयारी झाली.

सव्वासातला ते घरी निघाले असते तर? चांगला कागद खिशात असता, आणि सव्वाआठला आबा एस. टी.त किंवा गोठ्यात असते. पहिला कागद खोटा नव्हता. सव्वासहाला रक्तात खरोखर तेवढेच होते. पण त्याने सांगितली ती सव्वासहाची गोष्ट. सव्वाआठची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

थांबल्याने सुटकाही लवकर होते

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्यांदा रक्त घेणे म्हणजे दवाखान्यात अडकून पडणेच की! तसे नाही. नीट रीतीने तपासणी केली तर निरोगी माणूस उलट लवकर घरी जातो.

स्कॉटलंड देशात याची मोठी पारख झाली. तिथल्या ७ इस्पितळांत ३१,४९२ लोकांची पाहणी केली. छातीत दुखते म्हणून हे लोक कॅज्युअल्टीत आले होते आणि त्यांचा पहिला आकडा मर्यादेच्या आत होता. जुन्या रीतीने त्यांना सरासरी १० तास इस्पितळात राहावे लागे. बारीक मोजणीची नवी रीत लावल्यावर हा वेळ ७ तासांच्या आत आला. पूर्वी अशा १०० लोकांतल्या ५० जणांना भरती न करता घरी सोडत. नव्या रीतीने ७१ जणांना सोडता आले. या पाहणीचा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला.

त्या रीतीत आणखी एक गोष्ट आहे. कळ येऊन पुरेसा वेळ झाला असेल, ईसीजी चांगला असेल आणि पहिलाच आकडा फारच कमी, म्हणजे ५ च्या खाली असेल, तर एकदाच रक्त घेऊनही सोडता येते. म्हणजे दुसरी सुई प्रत्येकाला लागतेच असेही नाही. पण ती लागेल की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. त्यासाठी कळ किती वाजता आली हे त्यांना ठाऊक असावे लागते.

बायकांचे दुखणे

भगिनींनो, आता तुमच्याविषयी. घरात बाईच्या छातीत दुखले तर काय म्हणतात? "कामाने अंग दुखत असेल. उपास धरला म्हणून पित्त झाले असेल." बाई स्वतःही तेच म्हणते. भाकरी थापून होईपर्यंत कोणाला सांगत नाही.

स्कॉटलंडमध्येच एडिंबरा शहरात एक तपासणी झाली. तिचा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. जुन्या तपासणीने छातीत दुखणाऱ्या १०० बायकांपैकी ११ जणींना झटका आल्याचे कळत होते. बारीक मोजणी केली आणि बायकांसाठी वेगळी, खालची मर्यादा ठेवली, तेव्हा ती संख्या २२ झाली. म्हणजे निम्म्या बायकांचा झटका आधी ओळखलाच जात नव्हता! पुरुषांमध्ये मात्र थोडाच फरक पडला. १०० पुरुषांमागे १९ चे २१ झाले.

असे का? निरोगी बाईच्या रक्तात ट्रोपोनिन पुरुषापेक्षा कमी असते. त्यामुळे पुरुषांच्या मापाने मोजले तर बाईची इजा लहान दिसते. एडिंबऱ्याच्या त्या तपासणीत पुरुषांची मर्यादा ३४ आणि बायकांची १६ होती.

म्हणून घरच्या पुरुषांना माझे सांगणे आहे. बाईला एकाएकी दम लागला, घाम आला, छाती, पाठ किंवा जबडा दुखू लागला, तर "काही नाही होत" असे म्हणू नका. तिलाही तितक्याच घाईने न्या.

रक्तही सगळे सांगत नाही

रक्ताची तपासणी चांगली आहे. पण ती एकटी पुरत नाही. चुलीचे तीन धोंडे मी मुद्दाम सांगितले.

ट्रोपोनिन वाढले म्हणजे दर वेळी वाहिनीत गुठळीच झाली असे नसते. मूत्रपिंडाच्या आजारात ते वाढते. हृदय थकले, हृदयाला सूज आली, अंगात मोठा जंतुदोष झाला, फुप्फुसात गुठळी गेली, तरी ते वाढते. दाणे सांडले एवढे रक्त सांगते. उंदराने सांडले की पोते उसवले, ते डॉक्टरांना शोधावे लागते.

उलट बाजूही आहे. दोन्ही वेळा आकडा चांगला आला, म्हणजे तूर्त झटका नाही. पण वाहिनी अरुंद झालेली असू शकते. चालताना, चढ चढताना, ओझे उचलताना छाती भरून येत असेल, तर पुढची तपासणी टाळू नका. डॉक्टर "पुन्हा या" म्हणाले तर जा.

आणि एका दवाखान्याचा आकडा दुसऱ्या दवाखान्याच्या आकड्याशी ताडून पाहू नका. यंत्रे वेगळी असतात. त्यांची मापेही वेगळी असतात. कागदावर आकड्याच्या शेजारी त्या यंत्राची मर्यादा छापलेली असते. ती वाचा.

आता आपण काय करायचे?

तुम्ही आता अक्षरे वाचता, आकडे लिहिता. ही विद्या अशा वेळी जीव वाचवायला उपयोगी पडते. कशी, ते सांगतो.

पहिली गोष्ट. छातीत कळ आली की घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहा. "पहाटे ५ वाजता सुरू झाली." एवढेच लिहा. घाबरलेल्या घरात नंतर कोणाला नक्की आठवत नाही. एक म्हणतो चारला, दुसरा म्हणतो सहाला. रक्ताचा आकडा समजायला डॉक्टरांना ही वेळ हवीच असते.

दुसरी गोष्ट. १०८ वर फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ सालापासून चालू आहे. तिला पैसे पडत नाहीत. रोग्याला चालत नेऊ नका. त्याला स्वतः मोटरसायकल चालवू देऊ नका. ॲस्पिरिनची गोळी द्यावी का, हे फोनवर विचारा. ती सगळ्यांना चालत नाही.

तिसरी गोष्ट. जिथे ईसीजी निघतो अशा ठिकाणी आधी पोचा. रक्त कुठे तपासतात हे शोधत गावोगाव फिरू नका. घरी बसून "आधी रक्त तपासून घेऊ, मग बघू" असेही करू नका. तेवढ्यात वेळ निघून जातो.

चौथी गोष्ट. जुने कागद आणि चालू औषधांच्या पुड्या बरोबर घ्या. आधारकार्ड आणि रेशनकार्डही घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला खर्च बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. पैशाच्या धास्तीने रोग्याला परत नेऊ नका.

पाचवी गोष्ट. रक्ताचा कागद हातात आला की तीन गोष्टी वाचा. रक्त किती वाजता घेतले? आकडा किती? मर्यादा किती? मग डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, हे पहिले रक्त आहे. दुसरे घ्यायचे आहे का? किती वाजता?" विचारायला लाजू नका. चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने रागावत नाही.

सहावी गोष्ट. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. कळ थांबली म्हणून उठू नका. पुन्हा कळ आली तर लगेच सांगा. डॉक्टर पुन्हा ईसीजी काढतील. तोवर घरची जनावरे शेजारी बघतील. आज तुमच्या दावणीचे त्यांनी बघितले, तर उद्या त्यांचे तुम्ही बघा. गावात हे आधीच ठरवून ठेवा, म्हणजे दवाखान्यात बसलेल्या माणसाचा जीव गोठ्यात अडकणार नाही.

मंडळी, दुसऱ्यांदा टोचलेल्या सुईचा राग येणे साहजिक आहे. पण सांगितलेल्या वेळी दुसऱ्यांदा रक्त घेतले आणि आकडा वाढला नाही, तर झटका आलेला नाही असे डॉक्टर पुष्कळ खात्रीने सांगू शकतात. मग ते सोडतील तेव्हा हसत घरी या. आकडा वाढला, तर ज्या जागी उपचार होतो त्याच जागी तुम्ही आहात.

आज घरी गेल्यावर एक काम करा. भिंतीवर, घड्याळाच्या खाली, मोठ्या अक्षरांत १०८ लिहा. शेजारी जवळच्या, ईसीजी निघणाऱ्या दवाखान्याचे नाव आणि फोन नंबर लिहा. घरातल्या पोराबाळांना आणि म्हाताऱ्यांना तो वाचून दाखवा.

  आता कोणाला काही विचारायचे असेल तर खुशाल विचारा.